तांबूस पाणी

मित्रांनो, मी गरम पाण्याची एक जुनी टाकी आहे. माझे दोन तुकडे करून मला अंगणाच्या भिंतीशी टेकवून ठेवले आहे. तांब्याची नळी जिथे माझ्या अंगात शिरत होती, तिथे रुपयाएवढे भोक आहे. त्याच्या भोवतीचा पत्रा इतका कुजला आहे, की बोटाने दाबला तर चुरा होतो. एखाद्या सकाळी भंगारवाला येईल, मला गाडीवर टाकील आणि माझी गोष्ट संपेल. त्याआधी ती तुम्हाला सांगते. मी आयुष्यभर पाण्याशिवाय काही दिले नाही. आज पहिल्यांदाच शब्द देते आहे, ते सांभाळून घ्या.

माझा जन्म टाक्या बनवण्याच्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडी पत्रा वाकवून माझे गोल अंग घडवले गेले. गंज चढू नये म्हणून पत्र्यावर जस्ताचा मुलामा होता. ऊन पडले की मी चकाकत असे आणि मला स्वतःचा थोडा गर्वही वाटत असे. पण पत्र्याची दोन टोके जोडताना आणि नळ्यांसाठी तोंडे बसवताना तिथला मुलामा जळून गेला होता. वरून चंदेरी रंग फासल्यामुळे ते कोणाला दिसत नव्हते. मला मात्र ठाऊक होते, की माझ्या अंगावर काही उघड्या जागा आहेत.

एका दुधाच्या डेअरीने मला बनवायला सांगितले आणि ऐन वेळी त्यांना माझ्याहून मोठी टाकी हवीशी झाली. मी कारखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. लोक माझ्यावर डबे ठेवत, हातमोजे वाळत टाकत. कामासाठी जन्माला यायचे आणि टेबल होऊन राहायचे, यासारखे दुःख नाही. अशा वेळी दादा तिथे आला.

दादा गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. त्याचे दुकान बंदराच्या रस्त्यावर होते. गळक्या तांब्याच्या नळीला डाख द्यावा तर त्यानेच, असे ट्रकवाले म्हणत. त्याने मला ठोकून पाहिले, आत दिवा सोडून पाहिले, आणि मग बरोबर आलेल्या धाकट्या भावाकडे वळून विचारले, "काय रे बारक्या, आईच्या कामाला येईल ही?"

बारक्या हे त्याचे घरातले नाव. अंगाने तो दादाच्या दीडपट होता, तरी बारक्याच. तो होड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने माझ्या तोंडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "येईल. पण हिला जपावं लागेल."

हे वाक्य मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही. कोपऱ्यातून सुटका झाली, एवढ्यानेच मी खूश होते.

त्यांच्या आईच्या हातांची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण त्या हातांसाठीच मी त्या घरात आले. मुले लहान असताना त्यांचे वडील गेले. तेव्हापासून आई मासळीच्या कारखान्यात जायची. बर्फात ठेवलेली मासळी निवडायची, साफ करायची, पेट्यांत भरायची. वर्षानुवर्षे बर्फात बुडून तिची बोटे सुजली आणि वाकली. म्हातारपणी सकाळी उठली की तिच्या मुठी मिटलेल्या असत. गरम पाण्यात हात बुडवून बसली की बोटे एकेक करून सुटत. मग ती स्वतःच्या हाताने वेणी घाली, कपबशी धरी, भाजी चिरी. हात सुटले की तिचा दिवस सुरू होई.

चुलीवर पाणी तापवायचे तर कोणीतरी पहाटे उठायला हवे आणि जड भांडे उचलायला हवे. आईला कोणाला उठवायचे जिवावर येई. म्हणून दोघा भावांनी ठरवले, की गच्चीवर उन्हावर पाणी तापवायचे. बाजारातून तयार यंत्र आणायचे नाही, आपणच करायचे. "आपल्या घरात तांब्याचा माणूस आहे आणि पाण्याचा माणूस आहे, आणखी काय लागतं?" असे बारक्या म्हणाला.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. दादाने तांब्याच्या नळ्या पत्र्यावर बसवून त्याला काळा रंग दिला. बारक्याने लाकडाची पेटी केली. एका दुकानाची जुनी दर्शनी काच आणून त्यांनी पेटीवर बसवली. पेटी खाली तिरपी, आणि तिच्याहून उंच लोखंडी घोडीवर मी. नळ्यांतले पाणी तापले की आपोआप वर माझ्याकडे येई आणि माझ्या तळाचे थंड पाणी खाली नळ्यांत जाई. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. मला तर कळेचना की हे कोण फिरवते आहे.

माझ्याशी नळी जोडायची वेळ आली तेव्हा दोघांत पहिला वाद झाला. दादा म्हणाला, "तांब्याची नळी सरळ टाकीला बसवतो. असा जोड देतो, की नातवंडांच्या काळात गळणार नाही."

"दादा, तांबं आणि लोखंड यांना पाण्यात एकमेकांना चिकटवायचं नाही," बारक्या म्हणाला. "पाण्यात त्यांचं जमत नाही. तांब्याला काही होत नाही, लोखंड झिजत जातं. आमच्याकडे चांगल्या चांगल्या होड्यांची अशीच वाट लागते. मध्ये जाड रबरी नळीचा तुकडा घाल. दोघांना अंतरावर ठेव."

"रबर उन्हात तडकतं."

"तडकलं की बदलायचं. टाकी थोडीच बदलता येते?"

दादाने थोडा वेळ विचार केला आणि रबरी तुकडा घातला. तेव्हा त्यांचे वाद असेच असत. एकाने सांगायचे, दुसऱ्याने नाक मुरडायचे आणि मग ऐकायचे.

बारक्याने आणखी एक वस्तू आणली होती. ती होती मॅग्नेशियमची एक लांब कांडी. माझ्या माथ्यावरच्या तोंडातून ती आत सोडली आणि वरून मोठे बूच आवळले. हे काय म्हणून आईने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "टाकीत पाणी आहे, म्हणजे गंज कोणाला तरी खाणारच. ही कांडी आत असली, की तो आधी हिला खातो आणि टाकीला सोडतो. होडीच्या बुडाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो, तसंच. संपत आली की नवी घालायची."

"म्हणजे सगळ्यांच्या वाटचं आपण सोसायचं, आणि वर कोणाला दिसायचंही नाही?" आई म्हणाली. "ही तर घरातली थोरली सून झाली!"

दादाची बायको, म्हणजे बारक्याची वहिनी, कपडे वाळत घालत होती. ती एवढी हसली, की तिच्या हातातली चादर खाली पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने न्हाणीघरात नळ सोडला. माझ्यापासून खाली जाणाऱ्या नळीतून मला घरातले सगळे ऐकू येत असे. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग पाण्यात हात बुडाल्याचा. मग आई म्हणाली, "अगंबाई." एवढेच म्हणाली. पण ते ज्या सुरात म्हणाली, तो सूर मी अजून विसरलेले नाही.

पुढे गल्लीतले लोक मला पाहायला येत. कोणी काचेवर हात ठेवून चटका बसल्यावर ओरडे, कोणी माझ्यावर कान लावून ऐके. दोघे भाऊ छाती पुढे काढून सगळे समजावून सांगत. माझेही कौतुक होई. मी आणखी ताठ उभी राही.

दर वर्षी थंडी सुरू होण्याआधी ते मला उघडत. तो आमचा ठरलेला दिवस. आधी सगळे पाणी सोडून तळाचा गाळ धुऊन काढायचा. मग माथ्यावरचे बूच काढायचे. ते इतके घट्ट असे, की एकट्याच्याने निघत नसे. एकाने पान्याला जोर लावला, तर मी घोडीवरून फिरत असे. म्हणून दादा मला दोन्ही हातांनी कवळ घाली, छाती माझ्या पोटाला टेकवी आणि पाय रोवून उभा राही. बारक्या होडीच्या कारखान्यातला लांब पाना आणी आणि त्यावर लटके.

"धरलंस का?"

"धरलंय. तू ओढ."

"सोडू नकोस हां."

"अरे ओढ ना!"

बूच कुरकुरत सुटे. कांडी बाहेर येई ती चघळलेल्या उसासारखी झालेली. बारक्या ती आईला दाखवायला खाली नेई. नवी कांडी आत जाई. रबरी तुकडा तपासला जाई, रात्रभर ऊब टिकावी म्हणून माझ्या अंगाला घातलेल्या चंदेरी पांघरुणाची शिवण बघितली जाई, कारण समुद्राची खारी हवा जिथे फट दिसेल तिथे शिरते. संध्याकाळी मी पुन्हा भरलेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम.

माझे सगळे आयुष्य असेच जायला हरकत नव्हती. पण अंगणात एक होडी होती.

ती त्यांच्या वडिलांची होडी. वडील गेल्यापासून ती उपडी घालून ठेवलेली होती. बारक्या होडी दुरुस्तीचे काम शिकला तोच मुळी तिच्यासाठी. "या हंगामानंतर हातात घेतो," असे तो दर हंगामाआधी म्हणे. कामावर दिवसभर दुसऱ्यांच्या होड्या नीट करून तो घरी येई, तेव्हा हात उचलत नसत. मग फक्त ताडपत्री सारखी करून, फळ्यांवर थाप मारून वर जाई. फळ्या कुजत गेल्या. उंदीर झाले. एकदा वहिनीचा पाय तिच्यात अडकून चांगलाच कापला.

बारक्या दुरुस्त केलेल्या एका होडीच्या चाचणीसाठी समुद्रावर गेला होता, त्या दिवसांत दादाने होडी फोडली. चांगल्या निघाल्या त्या फळ्या त्याने दुकानाच्या मागच्या छपराला लावल्या आणि उरलेले जाळले.

बारक्या परत आला. मी गच्चीवरून पाहत होते. पाठीवरची पिशवी न उतरवता तो रिकाम्या जागेपुढे उभा राहिला. जमिनीवर होडीच्या आकाराचा पांढुरका ठसा होता. गवत नसलेला. दादा बाहेर आला.

"मला विचारायचंस तरी," बारक्या म्हणाला.

"किती वर्षं विचारू? कुजून गेली होती ती. हिचा पाय कापला."

"बाबांची होडी होती, दादा."

"ते आत्ता आठवलं का?" दादाचा आवाज चढला. "जगाच्या होड्या नीट करत फिरतोस. घरच्या होडीला कधी रंधा लावलास?"

हे खरे होते, आणि म्हणूनच ते बोलायला नको होते. बारक्याने खाली वाकून मातीतला एक तांब्याचा खिळा उचलला, खिशात टाकला आणि तो वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत गेला. त्या आठवड्यात तो बंदराच्या पलीकडे, कारखान्याजवळच्या एका खोलीत राहायला गेला. लांब पानाही त्याच्याबरोबर गेला.

आईने दोघांना समजावून पाहिले. पण अबोला मोडायला कोणाला तरी पहिले पाऊल टाकावे लागते, आणि दोघेही त्या बाबतीत बापावर गेले होते. बारक्या सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला येई, तोही दादा दुकानात असेल अशी वेळ साधून.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि मला उघडायचा दिवस आला तसा गेला.

"कांडी बघितली का दादाने?" बारक्याने आईला विचारले. न्हाणीघरातून मला ऐकू येत होते.

"बघितली असेल बाबा. मला काय कळतंय?"

"एकट्याच्याने निघायची नाही ती. बोलावलं तर येईन म्हणावं."

आईने रात्री जेवताना तो निरोप दिला. दादा म्हणाला, "त्याला बोलवायचं कशाला? गच्चीला काय मी कुलूप लावलंय? यायचं असेल तर येईल."

हेही आईने पुढच्या भेटीत बारक्याला सांगितले. तो जाताना गच्चीच्या जिन्यापर्यंत आला. पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला. मला वाटले, आता येतो. पण कोपऱ्यावरून दादाच्या स्कूटरचा आवाज आला तसा त्याने पाय मागे घेतला आणि मागच्या दाराने निघून गेला.

मित्रांनो, टाकीला ओरडता येत नाही. माझ्या आतली कांडी झिजत चालली होती, तिचे तुकडे गळून तळाला पडत होते, आणि मी बाहेरून तशीच चंदेरी दिसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात रबरी तुकडा तडकला. पाणी ठिबकू लागले. दादा संध्याकाळी वर आला, तुकडा कापून काढला आणि हातात धरून बसून राहिला. तसे जाड रबर बंदराच्या पलीकडे, होड्यांच्या सामानाच्या दुकानातच मिळत असे.

"भाऊजींकडे असेल तसला तुकडा," वहिनी म्हणाली. "एक फोन करा ना."

"मी करू?"

दादाने दुकानातून तांब्याच्या नळीचा तुकडा आणला, डाख द्यायचा दिवा पेटवला आणि नळी सरळ माझ्या तळाच्या तोंडाला जोडून टाकली. त्याचा हात फार सुरेख. जोड असा झाला, की जणू मी आणि ती नळी एकाच अंगाचे आहोत. पाण्याचा एक थेंब गळेना. "तात्पुरतं केलंय," तो वहिनीला म्हणाला. "रबर आणलं की बदलतो." त्याला बारक्याचे म्हणणे आठवत नव्हते असे नाही. खरोखरच बदलायचे त्याच्या मनात होते. पण जे गळत नाही ते डोळ्यांपुढे राहत नाही. दुकानात गर्दी होती, मग पाऊस आला, मग त्याला ताप आला, आणि तात्पुरते होते ते कायमचे झाले.

त्या जोडापाशी, जिथे जन्मापासूनच माझी जागा उघडी होती, तिथे मी झिजू लागले. कांडी असती तर तिने निदान काही काळ तरी सोसले असते. पण कांडी संपली होती.

पाणी तांबूस यायला लागले ते सगळ्यांत आधी आईने पाहिले. सकाळची पहिली बादली तीच भरत असे. मी ऐकले, नळ एकदम बंद झाला. मग तिने बादली तशीच ठेवली. थोड्या वेळाने गाळ खाली बसल्यावर तिने वरचे पाणी घंगाळात काढून घेतले आणि त्यात हात बुडवले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बादली धुऊन ती पालथी घाली, म्हणजे तळाचा तांबूस थर कोणाला दिसू नये. हात पुसलेला टॉवेल ती खिडकीच्या आत वाळत घाली.

पण वहिनीपासून किती दिवस लपणार?

"आई, तुमच्या टॉवेलला हे डाग कसले?"

"चहा सांडला गं."

"रोज?"

वहिनीने नळ सोडून पाहिला आणि म्हणाली, "मी यांना आत्ताच सांगते."

"नको," आई म्हणाली. "थांब. आत्ता सांगितलंस तर काय होईल? हा म्हणेल, कांडी त्याने बघायला हवी होती. तो म्हणेल, जोड ह्याने बिघडवला. आधीच दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पाणी गरम येतंय ना? मग येऊ दे. थंडी सरली की मी दोघांना समोर बसवून सांगते."

वहिनीने मान हलवली. त्यानंतर दोघी मिळून ते लपवू लागल्या. दादा विचारी, "आई, पाणी ठीक आहे ना?" आई म्हणे, "छान आहे." बारक्या येऊन तेच विचारी आणि तेच उत्तर घेऊन जाई. दोघांनाही मनातून बरे वाटे. दोघांनाही पुढचा प्रश्न विचारावा लागत नसे.

मग ती सकाळ उजाडली. खूप थंडी होती आणि धुके होते. पहाटेच माझ्या जोडापाशी उरलासुरला पत्रा फुटला आणि माझ्या पोटातले सगळे पाणी भोकातून निघून गेले. गच्चीवरून, भिंतीवरून, गटारात. मी ते थोपवू शकले नाही. आईने नळ सोडला तेव्हा आतून फक्त हवेचा खरखराट आला.

दादा लवकर दुकानात गेला होता. वहिनी दूध आणायला गेली होती. यापुढचे मला दिसले नाही, पण नंतर वहिनी कपडे वाळत घालताना शेजारणीला रडत रडत सांगत होती, त्यातून मला कळले. आईने वाट पाहिली नाही. तिने गॅसवर पातेले ठेवले. पाणी उकळले. मिटलेल्या मुठींनीच, दोन्ही मनगटांत फडके धरून, तिने पातेले उचलले. ते घसरले. उकळते पाणी तिच्या उजव्या हातावर आणि पायावर सांडले.

हॉस्पिटलच्या बाकावर दोघे भाऊ दोन टोकांना बसले होते. मध्ये वहिनी. नर्सने येऊन विचारले, की रोज गरम पाणी कुठून घेता, आज ते का नव्हते? तेव्हा वहिनीच्याने राहवेना. बादलीचे, टॉवेलचे, सगळे तिने सांगितले. कोणी कोणावर ओरडले नाही. दादाने फरशीकडे बघतच विचारले, "तुझ्याकडे तो लांब पाना आहे का रे अजून?"

"आहे."

"घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघे गच्चीवर आले. दादाने मला पूर्वीसारखीच कवळ घातली. बारक्याने पाना लावला. "धरलंस का?" असे कोणी विचारले नाही. बूच निघाले नाही. माझे आटेच कुजले होते. माझ्या माथ्याचा तुकडाच बुचाबरोबर उखडून आला. खाली लोंबत होती ती कांडी नव्हती. तिच्या आतली बारीक तार होती. नुसती तार.

बारक्याने ती बाजूला ठेवली आणि भोकापाशी गुडघ्यांवर बसला. जोडावरून त्याने बोट फिरवले. पत्रा गळून गेला होता, पण दादाचा डाख जसाच्या तसा होता, गोल आणि चकचकीत.

"सुबक केलायस," तो हलकेच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"हो," दादा म्हणाला. "सुबकच केलाय." आणि तो माझ्या घोडीला पाठ लावून तिथेच खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. बारक्या त्याच्या शेजारी येऊन बसला. दोघे तसेच बसून राहिले, धुके विरून काचेवर ऊन येईपर्यंत.

त्यांनी मला कापून उतरवले आणि नवी टाकी बसवली. मी अंगणातून सगळे बघत होते. या वेळी घाई नव्हती. तांब्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये रबराचा जाड तुकडा गेला, आणि तसेच आणखी तुकडे डब्यात भरून जिन्याखाली ठेवले गेले. नवी कांडी आत गेली. पांघरुणाची शिवण बारक्याने दोनदा घातली. नवी टाकी माझ्याकडे बघतही नव्हती. तिला स्वतःच्या चकाकीचे कौतुक होते. मी तिला नावे ठेवत नाही.

आई घरी आली. पाय बरा झाला. उजवा हात खूप दिवस पट्टीत होता. पट्टी निघाली, तेव्हा दोघांनी घंगाळ अंगणातच उन्हात आणले, आईला खुर्चीवर बसवले आणि तिचे हात पाण्यात सोडले. डाव्या हाताची बोटे हळूहळू सुटली. उजव्या हाताची मूठ तशीच राहिली. भाजलेली कातडी आखडली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, पण मुलांना ते ऐकायचे नव्हते.

"अजून गरम आणू?" दादाने विचारले.

"आण."

तो तांब्या भरून आणी आणि ओती. बारक्या पाण्यात हात घालून आईचा अंगठा हळूच चोळत होता. मूठ उघडली नाही. पुन्हा तांब्या, पुन्हा चोळणे. तिला दुखत असणार. पण ती हात काढून घेईना.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी काही बोलले नाही, तर काही तुटायचं नाही." मग तिने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "पाणी छान आहे रे. अगदी स्वच्छ आहे."

हल्ली तिला घास सून भरवते. बारक्या वरच्या खोलीत परत आला आहे. दोघे भाऊ बोलतात, पण जपून बोलतात, आणि पूर्वीसारखे भांडत नाहीत. मला त्यांचे ते पूर्वीचे भांडण फार आठवते.

मित्रांनो, गंज एका दिवसात चढत नाही. तो येण्याआधी खूप वेळ देतो. मलाही त्याने तो दिला होता. तुमच्या घराच्या वर किंवा मागे माझ्यासारखे काहीतरी मुकाट्याने काम करत असेल. वर्षातून एकदा ते उघडून बघा. ज्याचे काम झिजण्याचे आहे, ते संपण्याआधी बदला. तात्पुरते केलेले तात्पुरतेच राहू द्या. आणि पाणी तांबूस आले, तर ते कोणाला वाईट वाटेल याचा विचार न करता, त्याच सकाळी, मोठ्याने सांगा.

गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची घंटा वाजते आहे. दादा फाटक उघडायला निघाला आहे. माझा एक तुकडा त्याच्या हाताला जड होईल. त्याने बारक्याला हाक मारावी, एवढीच माझी इच्छा आहे.